खेळाचें टिपण आणि तें वाचणारें साधन

२८ जुलै २०२५ रोजीं नागपूरच्या दिव्या देशमुख हिनें जॉर्जिया देशांतील बाटुमी येथें कोनेरू हम्पी यांस हरवून महिलांचा बुद्धिबळ विश्वचषक जिंकिला, हें आमच्या वाचकांस विदित आहेच. ते डाव छत्रपती संभाजीनगरांत बसूनहि खेळीगणिक पुन्हां पाहतां येतात. नवल हें कीं, ज्या टिपणावरून ते दिसतात त्यांत एकहि चित्र नसतें. एका डावाचें टिपण म्हणजे अक्षरांच्या कांहीं ओळी होत. ही पद्धति स्टीव्हन एडवर्ड्स यांनीं १९९३ सालीं ठरविली. तिला पीजीएन म्हणतात.

परंतु हें टिपण वाचणें वाटतें तितकें सोपें नाहीं. 'एनएफ३' यावरून घोडा एफ३ या घरांत गेला एवढेंच कळतें. तो कोणता व कोठून आला हें लिहिलेलें नसतें. (दोन्ही घोडे तेथें जाऊं शकत असतील तरच अधिक खूण करितात.) म्हणून वाचणाऱ्या प्रोग्रॅमला पट मांडून पहिल्या खेळीपासून सारा डाव स्वतः खेळावा लागतो. ज्यास नियम ठाऊक नाहींत, त्यास टिपणहि उलगडत नाहीं. निक्लास फिकास यांचें 'पायथन-चेस' हें साधन नेमकें हेंच काम करितें, आणि त्याचा मूळ प्रोग्रॅम कोणासहि उघडून पाहतां व सुधारतां येतो.

संगणकावरील लढायांच्या खेळांतहि हाच प्रकार आहे. 'स्टारक्राफ्ट २' हा २०१० सालचा खेळ. मुलांस त्याचें टिपण चित्रपटासारखें वाटतें. वस्तुतः त्यांत कोणत्या क्षणीं कोणत्या खेळाडूनें काय आज्ञा दिली, हेंच मुख्यतः असतें. बुद्धिबळाचे नियम स्थिर; हा खेळ मात्र वारंवार बदलला, व त्याबरोबर टिपणाची मांडणीहि. ब्लिझर्ड कंपनीनें 'एस२प्रोटोकॉल' हें वाचनसाधन सर्वांस खुलें केलें. त्यांत खेळाच्या निरनिराळ्या आवृत्त्यांसाठीं निराळीं कोष्टकें आहेत. सर्वच कंपन्या असें औदार्य दाखवीत नाहींत. मग हौशी मंडळींस एकेक बाइट ताडून पाहून मांडणी शोधावी लागते. मोडी कागद दप्तरांत सुरक्षित असावा आणि तो वाचणारा मिळूं नये, तशीच ही स्थिति होय.

आमच्या मतें विद्यार्थ्यांनीं प्रारंभ बुद्धिबळापासूनच करावा. लीचेस या स्थळावर खेळलेले आपले डाव पीजीएन रूपांत विनामूल्य उतरवून घेतां येतात. ते पायथन-चेसकडून वाचवून घ्यावे, आणि आपला वजीर बहुधा कितव्या खेळीस मारला जातो, हें मोजून पाहावें.