विश्लेषण : ट्रंकेतल्या पदकावरून युद्धातील लढाऊ वैमानिकाचा माग कसा काढतात?

पहिल्या महायुद्धात मुंबईचा एक तरुण लढाऊ विमानातून फ्रान्सच्या आकाशात लढला आणि बेपत्ता झाला. युद्धानंतर त्याची कबर सापडली, पण तिच्यावरचे नाव भलतेच होते. श्रीकृष्ण वेलिंगकर यांची ही कहाणी आज पुन्हा आठवण्याचे कारण म्हणजे घराघरांतल्या जुन्या वस्तू. पुणे शहर असो की जुन्नर तालुक्यातले निमगाव सावा, पणजोबा-आजोबांच्या लष्करी सेवेची आठवण म्हणून एखादे पदक, जुना फोटो किंवा बिल्ला माळ्यावरच्या ट्रंकेत पडलेला असू शकतो. तो नेमके काय सांगतो, हे कसे वाचायचे?

श्रीकृष्ण वेलिंगकर कोण होते?

पहिल्या महायुद्धात ब्रिटनच्या हवाई दलातून लढलेल्या भारतीय वैमानिकांमध्ये चार नावे प्रामुख्याने घेतली जातात : इंद्रलाल रॉय, हरदितसिंग मलिक, एरल चंदर सेन आणि श्रीकृष्ण वेलिंगकर. त्या काळी भारतीयांना लष्करात राजाचे कमिशन, म्हणजे पूर्ण अधिकाऱ्याचा दर्जा, जवळपास मिळतच नसे. पदवीसाठी विलायतेला गेलेल्या काही तरुणांना १९१७ मध्ये हे दार किलकिले झाले. वेलिंगकर हे मुंबईचे, शिक्षणासाठी केंब्रिजला गेलेले. त्यांचे आडनाव गोव्यातल्या फोंडा तालुक्यातील वेलिंग गावाकडे बोट दाखवते.

ते रॉयल फ्लाइंग कोअरमध्ये अधिकारी झाले. १ एप्रिल १९१८ रोजी ही संघटना नौदलाच्या हवाई शाखेसह विलीन होऊन रॉयल एअर फोर्स जन्माला आले. त्यामुळे एकाच माणसाचे कागद दोन वेगवेगळ्या दलांच्या नावाखाली सापडतात. शोध घेणाऱ्यांची पहिली गफलत बहुधा इथेच होते.

ते कोणते विमान उडवत होते?

वेलिंगकर २३ क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये होते. त्यांचे विमान ‘सॉपविथ डॉल्फिन’. एका आसनाचे, दुहेरी पंखांचे हे विमान दिसायला विचित्र होते. वरचा पंख खालच्या पंखापेक्षा मागे सरकवलेला आणि वैमानिकाचे डोके वरच्या पंखाच्या मधल्या मोकळ्या चौकटीतून बाहेर. वरचे आणि पुढचे आकाश छान दिसे, पण उतरताना विमान उलटले तर सर्वांत आधी वैमानिकाचे डोके जमिनीवर आपटण्याची भीती.

२७ जून १९१८ रोजी ते बेपत्ता झाले. ‘बेपत्ता’ या शब्दाचा अर्थ घरच्यांसाठी सर्वांत कठीण असे. माणूस मेला आहे की शत्रूच्या कैदेत आहे, याचे उत्तर त्यात नसते. एरल सेन १९१७ मध्ये असेच परतले नव्हते, पण ते जिवंत होते आणि जर्मनांच्या कैदेत होते. त्यामुळे आशा ठेवायला जागा होती. वेलिंगकरांच्या बाबतीत मात्र तसे घडले नाही. जर्मन हद्दीत जखमी अवस्थेत सापडलेल्या या वैमानिकाचा ३० जून १९१८ रोजी मृत्यू झाला होता.

कबरीवरचे नाव चुकले कसे?

जर्मनांनी त्यांना दफन केले, नावाची नोंदही केली. पण ती नोंद ‘वुमकर’ अशी झाली. रोमन लिपीत घाईने लिहिलेल्या ‘वेलिनकर’मधल्या उभ्या रेघा सलग वाचल्या, तर मधली अक्षरे एकमेकांत मिसळून भलतेच नाव तयार होऊ शकते. ज्या लिपीत आणि ज्या भाषेत ते आडनाव कधीच कोणी ऐकलेले नाही, तिथे तर हे सहज शक्य.

युद्धानंतर कबरींची मोजदाद करणाऱ्यांना हे नाव आढळले. अशा नावाचा अधिकारी ब्रिटिशांच्या यादीत नव्हता. मृत्यूचा काळ, ठिकाण आणि बेपत्ता अधिकाऱ्यांची यादी जुळवल्यावर ‘वुमकर’ म्हणजे वेलिंगकर, हे स्पष्ट झाले. आज त्यांची कबर फ्रान्समध्ये सोम भागातील हांगार गावच्या युद्धस्मशानात आहे. त्या काळी कबरीच्या दगडावर कुटुंबाला आपल्या पसंतीचा मजकूर कोरून घेता येई. अट एवढीच की तो ६६ अक्षरांत बसला पाहिजे. वेलिंगकरांच्या दगडावर ‘साम्राज्याच्या अत्यंत शूर पुत्रांपैकी एकाच्या स्मृतीस’ अशा आशयाची इंग्रजी ओळ आहे. इंद्रलाल रॉय यांच्या कबरीवर मात्र बंगाली मजकूरही आहे.

एक नाव नीट लिहिले न गेल्याने माणूस हरवू शकतो आणि दोन-तीन वस्तुस्थिती जुळवल्याने तो पुन्हा सापडू शकतो. ट्रंकेतल्या वस्तू वाचण्याचे सारे तंत्र याच धड्यावर उभे आहे.

पदकाच्या कडेवर काय असते?

पहिल्या महायुद्धाची दोन पदके भारतात सर्वाधिक आढळतात. एक चांदीचे ‘ब्रिटिश वॉर मेडल’ आणि दुसरे ब्राँझचे ‘व्हिक्टरी मेडल’, ज्याची फीत इंद्रधनुष्यी रंगांची असते. पदकाचा दर्शनी भाग सगळ्यांचा सारखाच. खरी माहिती कडेवर. तिथे बारीक अक्षरांत नाव, हुद्दा आणि पलटण किंवा दल उठवलेले असते. शिपायाच्या पदकावर क्रमांकही असतो, अधिकाऱ्याच्या पदकावर बहुधा नसतो. उन्हाच्या तिरप्या प्रकाशात भिंगाने पाहिले तर झिजलेली अक्षरेही वाचता येतात.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. पहिल्या महायुद्धाची ही पदके अधिकाऱ्यांना आपोआप घरपोच मिळत नसत, त्यांना किंवा वारसांना अर्ज करावा लागे. म्हणून घरात पदक नाही याचा अर्थ आजोबा युद्धात नव्हते, असा होत नाही.

युद्धात मृत्यू आला असेल तर कुटुंबाला सुमारे १२ सेंटिमीटर व्यासाची ब्राँझची तबकडी मिळत असे. तिच्यावर फक्त नाव असते. हुद्दा मुद्दाम दिलेला नाही, कारण बलिदानात लहान-मोठा भेद नको, अशी भूमिका होती. ही तबकडी घरात असेल तर तो माणूस त्या युद्धकाळात गेला, एवढे निश्चित.

दुसऱ्या महायुद्धाच्या पदकांचे काय?

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनने दिलेली तारे आणि पदके बहुतांशी बिननावाची होती. भारतीय दलांना दिलेल्या पदकांवर मात्र अनेकदा नाव सापडते. नाव नसले तरी पदकांचा संच बोलतो. ‘बर्मा स्टार’ असेल तर ११ डिसेंबर १९४१ नंतर ब्रह्मदेशच्या आघाडीशी संबंध. ‘इंडिया सर्व्हिस मेडल’ असेल तर भारतात दीर्घकाळ बजावलेली सेवा. आजोबा ‘युरोपात लढले’ असे घरात सांगितले जाते आणि संचात मात्र बर्मा स्टार आहे, तर आठवण आणि वस्तू यांतली तफावत तिथेच उघड होते. अशा वेळी वस्तूवर आधी विश्वास ठेवायचा, पण ती वस्तू त्याच माणसाची आहे ना, हेही तपासायचे.

बिल्ला, बटण आणि फोटो काय सांगतात?

वैमानिकाच्या छातीवरच्या कापडी पंखांमध्ये दलाची आद्याक्षरे असतात. फोटोत रॉयल फ्लाइंग कोअरची अक्षरे दिसली तर गणवेश एप्रिल १९१८ पूर्वी मिळालेला असण्याची शक्यता मोठी.

भारतीय हवाई दलाची पहिली स्क्वाड्रन १ एप्रिल १९३३ रोजी कराचीत उभी राहिली. १९४५ मध्ये दलाच्या नावाला ‘रॉयल’ जोडले गेले आणि २६ जानेवारी १९५० रोजी प्रजासत्ताक झाल्यावर ते निघाले. बटणावर राजमुकुट असेल तर वस्तू त्याआधीची, अशोकस्तंभाचे सिंह असतील तर नंतरची.

विमानासमोर काढलेला फोटो असेल तर पंखावरचे गोल चिन्ह पाहावे. दुसऱ्या महायुद्धात पूर्वेच्या आघाडीवर ब्रिटिश आणि भारतीय विमानांवरच्या चिन्हातला मधला लाल ठिपका काढून टाकला होता. जपानी विमानांवर लाल गोळा असे आणि घाईत आपल्याच विमानावर गोळीबार होण्याचा धोका होता. लाल ठिपका नसलेला फोटो त्यामुळे बराचसा ब्रह्मदेश आघाडीच्या काळाकडे नेतो. कृष्णधवल फोटोत रंग कळत नाही, पण चिन्हाच्या मध्यभागाची छटा कळते.

सर्वांत मोलाची वस्तू कोणती?

उड्डाणवही, म्हणजेच पायलटचे लॉगबुक. तारीख, विमानाचा प्रकार आणि क्रमांक, सोबत कोण होते, कामगिरी काय आणि किती वेळ उड्डाण केले, याचे रकाने त्यात असतात. दिवसाचे आणि रात्रीचे तास वेगळे मांडलेले असतात. महिन्याच्या शेवटी बेरीज आणि वरिष्ठांची सही. सही असल्यामुळे ही वही वैयक्तिक डायरी न राहता साक्षीपुरावा बनते.

शेवटच्या पानाकडे खास लक्ष द्यावे. युद्धात गेलेल्या वैमानिकाच्या वहीत नोंदी मध्येच थांबतात आणि अखेरची नोंद दुसऱ्याच हस्ताक्षरात असू शकते.

पुढचा शोध कुठे घ्यायचा?

वस्तूंवरून नाव, दल आणि अंदाजे काळ हाती आला की कागद धुंडाळता येतात. पहिल्या महायुद्धातील हवाई दल अधिकाऱ्यांच्या सेवानोंदी लंडनमधल्या क्यू येथील ब्रिटिश राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. अधिकाऱ्यांच्या नेमणुका आणि शौर्यपदके ‘लंडन गॅझेट’मध्ये छापली जात आणि ते ऑनलाइन पाहता येते. युद्धात मृत्यू पावलेल्यांची यादी राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाच्या संकेतस्थळावर मोफत शोधता येते. पहिल्या महायुद्धातील युद्धकैद्यांची कार्डे आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसने खुली केली आहेत.

जवळच्या जवळ जायचे तर पुण्यात खडकीला युद्धस्मशान आहे. तिथल्या १९१४-१८ च्या स्मारकावर १,८०० हून अधिक नावे आहेत. महाराष्ट्रातल्या अनेक गावांत चावडीवर किंवा वेशीवर ‘या गावातून महायुद्धात इतके लोक गेले’ असे सांगणारी संगमरवरी पाटीही दिसते. तिच्यावर बहुधा आकडा असतो, नावे नसतात. ती नावे घरातल्या ट्रंकांमध्येच उरली आहेत.

शोधताना आडनावाची सगळी संभाव्य इंग्रजी स्पेलिंग करून पाहावीत. वेलिंगकरांचे आडनाव इंग्रजीत कधी ‘जी’ अक्षरासह, कधी त्याशिवाय लिहिलेले आढळते आणि मधले नावही वेगवेगळे दिसते. जाधव, शिंदे, गायकवाड यांच्या इंग्रजी नोंदींत तर आणखी गंमत असते.

काय करू नये?

दिवाळीच्या साफसफाईत पदक चिंचेने किंवा भांडी उजळवायच्या पावडरीने घासू नये. चकाकी येते, पण कडेवरचे नाव झिजते. फिती धुऊ नयेत, फोटोच्या मागचा मजकूर खोडू नये. भावंडांत वाटणी करताना संच फोडू नये, कारण एकेकट्या पदकाचा अर्थ निम्मा होतो. वाटायचेच असेल तर आधी सगळ्यांचा एकत्र फोटो आणि कडेवरच्या अक्षरांचा जवळून फोटो काढून ठेवावा. शंभर वर्षांपेक्षा जुन्या ऐतिहासिक वस्तू परदेशी पाठवण्यावर १९७२ च्या पुरावस्तू कायद्याचे निर्बंध आहेत, हेही ध्यानात असावे.

आणि घरात अजून कोणी जाणते माणूस असेल तर आजच विचारून ठेवावे : फोटोतला डावीकडून तिसरा कोण? हे पदक नेमके कोणाचे? वेलिंगकरांचे नाव परक्या मुलखात चुकले, तरी ते दुरुस्त करणारे कागद शिल्लक होते. घरातल्या फोटोमागे मात्र नाव कोणी लिहिलेलेच नसेल, तर दुरुस्त करायलाही काही उरत नाही.