सर्व्हर आज्ञावलीची स्थापना व आवृत्तिबदल

सर्व्हर आज्ञावलीची स्थापना व आवृत्तिबदल : जालकातील इतर संगणकांना त्यांच्या मागणीनुसार माहिती वा सेवा पुरविणाऱ्या संगणकास सर्व्हर म्हणतात. ज्या आज्ञावलीमुळे ही सेवा घडते ती सर्व्हरवर प्रथम बसविणे म्हणजे स्थापना आणि ती वापरात असताना तिच्या जागी नवी आवृत्ती आणणे म्हणजे आवृत्तिबदल होय. ही कामे पडद्यावरील चित्रांवर टिचकी मारून करता येतात. तथापि सर्व्हरच्या बाबतीत ती बहुधा लेखी आज्ञांनी केली जातात. अशा आज्ञा क्रमाने लिहून ठेवलेल्या फाइलीस स्क्रिप्ट असे म्हणतात.

या पद्धतीचे मूळ युनिक्स या परिचालन प्रणालीत आहे. ती १९६९ पासून अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन टॉमसन, डेनिस रिची व त्यांचे सहकारी यांनी विकसित केली. वापरणाऱ्याने टंकित केलेली आज्ञा वाचून ती प्रणालीकडून पार पाडून घेणारा जो कार्यक्रम, त्यास शेल म्हणतात. १९७९ मध्ये प्रसृत झालेल्या बोर्न शेलमुळे आज्ञांना अटी व आवर्तने यांची जोड मिळाली आणि शेल ही एक लहानशी भाषाच बनली. लिनक्स (१९९१) व त्यावर आधारित डेबियन (१९९३) यांनी हीच परंपरा पुढे चालविली. एखाद्या आज्ञावलीस लागणाऱ्या इतर आज्ञावल्या शोधून त्या योग्य क्रमाने बसविण्याचे किचकट काम डेबियनमध्ये एपीटी हे साधन करते.

कार्यपद्धती : नागपूरसारख्या शहरातील एखाद्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयाचे उदाहरण घेऊ. त्याची ग्रंथसूची व देवघेव ‘कोहा’ या मुक्त आज्ञावलीवर चालते असे समजू. कोहा मूळची न्यूझीलंडमधील. माओरी भाषेत या शब्दाचा अर्थ भेट असा आहे. तिच्या आवृत्तिबदलात दोन निराळ्या गोष्टी घडतात. पहिली, आज्ञावलीच्या जुन्या फाइलींच्या जागी नव्या येतात. दुसरी, ग्रंथ व वाचक यांच्या नोंदी ज्या डेटाबेसमध्ये असतात त्याची रचनाच बदलते : नवे स्तंभ येतात, जुने जातात, काही नोंदी एका तक्त्यातून दुसऱ्यात हलविल्या जातात. पहिला बदल जुन्या फाइली परत ठेवून रद्द करता येतो. दुसऱ्यास परतीची वाट नसते. बदलापूर्वी घेतलेली राखीव प्रत हीच काय ती वाट. सर्व धोका या दुसऱ्या बदलात साठलेला असतो आणि नेमके त्याकडेच दुर्लक्ष होते.

म्हणून चांगली स्क्रिप्ट प्रथम तबकडीवर पुरेशी जागा आहे की नाही ते पाहते, सेवा थांबविते, डेटाबेसची प्रत घेते व ती प्रत रिकामी नाही याची खात्री करून मगच फाइलींना हात लावते. शेवटी सेवा सुरू करून एखादी नेहमीची मागणी करून पाहते. प्रत्येक आज्ञा संपताना एक अंक मागे ठेवते. शून्य म्हणजे यश व इतर कोणताही अंक म्हणजे अपयश. शेल मात्र आपण होऊन या अंकाची दखल घेत नाही. एक आज्ञा फसली तरी ती पुढच्या आज्ञेकडे वळते. प्रत घेणे फसले आणि रचनाबदल मात्र पार पडला, असा अनर्थ यातूनच ओढवतो. पहिल्याच अपयशास थांबण्याची सूचना स्क्रिप्टच्या आरंभी द्यावी लागते. तसेच ती मध्येच तुटून पुन्हा चालविली तर झालेले काम दुबार होऊ नये, अशी तिची रचना असावी.

विदर्भातील उन्हाळ्यात हा शेवटचा मुद्दा केवळ तात्त्विक राहत नाही. प्रस्तुत लेखकाने मे महिन्यातील एका रात्री एका संस्थेच्या सर्व्हरवर रचनाबदल चालू असताना वीज गेल्याचा अनुभव घेतला आहे. विद्युत् घटमाला जुनी होती व ती काही मिनिटांतच संपली. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये तक्त्याच्या रचनेतील प्रत्येक बदल तत्काळ कायम होतो, अनेक बदल एकत्र बांधून ते मागे घेता येत नाहीत. त्यामुळे निम्मे तक्ते नव्या रचनेचे व निम्मे जुन्या, अशी अवस्था झाली. संध्याकाळची प्रत दुसऱ्या संगणकावर होती म्हणून सकाळी देवघेव सुरू होऊ शकली. पोस्टग्रेस्क्यूएलमध्ये असे बहुतेक रचनाबदल एकत्र मागे घेता येतात.

दोष व अपघात : स्क्रिप्ट जितक्या वेगाने काम करते तितक्याच वेगाने चूकही करते. २०११ मध्ये बम्बलबी या लिनक्सवरील आज्ञावलीच्या स्थापना-स्क्रिप्टमध्ये, पुसावयाच्या निर्देशिकेच्या नावात एक रिकामी जागा चुकून पडली. त्यामुळे एका उपनिर्देशिकेऐवजी प्रणालीच्या बहुतेक आज्ञावल्या ज्यात असतात ती ‘यूएसआर’ ही संपूर्ण निर्देशिका पुसली जाऊ लागली. हाताने काम करणेही सुरक्षित नव्हेच. १ ऑगस्ट २०१२ रोजी नाइट कॅपिटल या अमेरिकन रोखे-व्यवहार संस्थेच्या आठ सर्व्हरांपैकी एकावर नवी आवृत्ती घालावयाची राहून गेली. त्यावरील जुना, निरुपयोगी ठरलेला भाग जागा झाला व सु. ४५ मिनिटांत ४६ कोटी डॉलरांहून अधिक तोटा झाला. आठही ठिकाणी एकच स्क्रिप्ट चालवून शेवटी आवृत्ती पडताळली असती, तर ही चूक बाजार उघडण्यापूर्वीच दिसली असती.

गिटलॅब या संस्थेत ३१ जानेवारी २०१७ रोजी घडलेला प्रकार अधिक बोधक आहे. एका अभियंत्याने चुकून मुख्य सर्व्हरवरील डेटाबेस पुसला. राखीव प्रती शोधू लागताच असे आढळले, की डेटाबेसची आवृत्ती ९.६ असताना प्रत घेणारे साधन ९.२ आवृत्तीचे चालत होते; त्यामुळे प्रती निघतच नव्हत्या. अपयशाची सूचना देणारी टपाले पोचण्यापूर्वीच नाकारली जात होती. काही तासांपूर्वी एका वेगळ्याच कारणासाठी हाताने घेतलेल्या प्रतीने संस्था वाचली, तरी सु. सहा तासांची माहिती गेली. जी प्रत एकदाही परत भरून पाहिलेली नाही, ती नाही असेच धरावे.

या धोक्यांमुळे आवृत्तिबदलच टाळण्याची वृत्ती पुष्कळ कार्यालयांत आढळते. तिची किंमत मोठी असते. इक्विफॅक्स या अमेरिकन पतमापन संस्थेने, मार्च २०१७ मध्ये उपलब्ध झालेली दुरुस्ती एका सर्व्हरवर केली नाही. मे महिन्यात त्याच छिद्रातून शिरकाव झाला व सु. १४ कोटी ७० लाख व्यक्तींची माहिती चोरीस गेली.

मराठी नोंदी : आवृत्तिबदलाचा एक परिणाम भारतीय भाषांच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे. मराठी वर्णक्रमात ‘ळ’ हा ‘ह’नंतर येतो, युनिकोड संकेतावलीत मात्र तो ‘ल’लगत आहे. म्हणून शब्द कोणत्या क्रमाने लावावयाचे याचे नियम निराळे द्यावे लागतात. लिनक्सवर हे नियम ग्लिबसी या मूलभूत संचात असतात व पोस्टग्रेस्क्यूएल पूर्वापार त्यांवर विसंबत आले आहे. ग्लिबसीच्या २.२८ या आवृत्तीत (२०१८) ते मोठ्या प्रमाणावर बदलले. डेबियन १० (२०१९) बरोबर ती आवृत्ती सर्व्हरांवर आली. डेटाबेसमधील निर्देशसूची जुन्या क्रमाने लावलेली आणि शोध नव्या क्रमाने, अशी स्थिती झाल्यास असलेली नोंद सापडत नाही; तीच नोंद दुसऱ्यांदा करू दिली जाते. येथे कोणतीही आज्ञा फसत नाही व प्रत्येक अंक शून्यच येतो. बिघाड लक्षात येतो तो एखादा वाचक कपाटात दिसणारे पुस्तक सूचीत नाही अशी तक्रार करतो तेव्हा. यासाठी परिचालन प्रणालीची आवृत्ती बदलल्यावर मजकुराच्या सर्व निर्देशसूची नव्याने बांधण्याची आज्ञा स्क्रिप्टमध्येच घालतात. मोठ्या सूचीस त्यात काही तास लागू शकतात आणि तेवढा वेळ सेवा बंद राहील असे वाचकांना आधीच कळवावे लागते.