पोतं मागवण्याआधी

गणपतीच्या आधी शाळाशाळांत शाडूची पोती येऊन पडतात, बरीचशी गुजरातेतून. मूर्ती होते, वाळते, रंगते, विसर्जित होते. भट्टीचा प्रश्नच येत नाही. मातीकाम भाजण्यापर्यंत न्यायचं असेल, तर माती गावचीच आणि पारखून घेतलेली बरी. माझ्या मते निम्मा विषय त्या पारखण्यातच शिकवून होतो.

वरचा मुळ्या-पाचोळ्याचा थर सोडून खाली खणायचं. तळ्याचा गाळ, ओढ्याचा काठ, विहिरीतून उपसलेला ढीग. गावात कुंभार असतील तर आधी त्यांना विचारावं, निम्मी पायपीट वाचते. मग ओल्या मातीची पेन्सिलीएवढी वळी करून बोटाभोवती गुंडाळायची. तडे गेले तर रेती जास्त.

देशावरची काळी माती या परीक्षेत पहिली येते आणि तिथेच माणूस फसतो. बेसाल्ट झिजून झालेल्या या मातीतलं माँटमोरिलोनाइट पाणी पिऊन फुगतं, वाळताना तितकंच आक्रसतं. उन्हाळ्यात शेतं भेगाळतात ती यामुळेच. म्हणून ओल्या वडीवर 10 सेंटिमीटरची रेघ मारायची. वाळून ती 9 वर आली, तर आकुंचन 10 टक्के. अशा मातीत रेती, राख किंवा घोड्याची लीद मिसळतात. लीद भट्टीत जळून जाते आणि बारीक छिद्रं ठेवते.

खरी दगाबाज चुनखडी. मातीवर लिंबू पिळलं आणि ती फसफसली, तर सावध व्हावं. साधारण 800 ते 900 अंशांना चुनखडीतला कार्बन डायऑक्साइड निघून जातो, मागे कळीचा चुना राहतो. भांडं भट्टीतून धडधाकट बाहेर येतं. पुढे हवेतली ओल पिऊन तो खडा फुगतो आणि टवका उडवतो. मुलं समजतात, आपलंच काहीतरी चुकलं. उपाय कंटाळवाणा आहे: माती पाण्यात विरघळवायची, बारीक चाळणीतून गाळायची, निवळवायची. बारीक भुकटी झालेला चुना सहसा इतका छळत नाही, खडे छळतात.

पहिला नमुना जुन्या कौलाच्या तुकड्यावर ठेवून भाजावा. अनोळखी माती जास्त आचेला वितळून भट्टीच्या फरशीला चिकटू शकते.

एवढ्यातून पार पडलेलं भांडंही पाणी झिरपवतंच. तेव्हा पहिल्या वर्षी पणत्या, कुंड्या कराव्यात. चहाच्या कपांचा हट्ट नको.