अ‍ॅजाइल विकासपद्धती आणि मॉड्यूलर रचना

अ‍ॅजाइल ही सॉफ्टवेअर अल्प मुदतीच्या आवर्तनांतून, वापरकर्त्यांच्या प्रतिसादानुसार घडवत नेण्याची कार्यपद्धती आहे. मॉड्यूलर प्रोग्रॅमिंग म्हणजे मोठी आज्ञावली शक्य तितक्या स्वतंत्र घटकांत, म्हणजेच मॉड्यूलमध्ये, विभागण्याचे तंत्र होय. पहिली संकल्पना कामाच्या आखणीविषयी आणि दुसरी रचनेविषयी असली, तरी पहिलीचे यश बऱ्याच अंशी दुसरीवर अवलंबून असते.

पार्नास यांचे उदाहरण

फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतील युटा राज्यात १७ तज्ज्ञांनी अ‍ॅजाइल जाहीरनामा तयार केला. उशिरा आलेल्या बदलांचेही स्वागत करावे, असे त्यातील एक तत्त्व आहे. असा बदल स्वस्तात कसा करता येईल, याचा विचार डेव्हिड पार्नास यांच्या १९७२ मधील शोधनिबंधात आधीच आला होता.

त्यांनी एका अनुक्रमणिकेचे उदाहरण घेतले. तीत प्रत्येक ओळीतील पहिला शब्द शेवटी नेत ओळीची सर्व रूपे तयार केली जातात व ती वर्णानुक्रमे लावली जातात. ‘संगणक विज्ञान परिचय’ या ओळीपासून ‘विज्ञान परिचय संगणक’ आणि ‘परिचय संगणक विज्ञान’ ही रूपे मिळतात. वाचणे, शब्द फिरवणे, क्रम लावणे व छापणे या टप्प्यांनुसार मॉड्यूल पाडले, तर ओळी स्मृतीत कशा साठवल्या आहेत हे सर्वांनाच ठाऊक असावे लागते; साठवणीची पद्धत बदलली की सर्व मॉड्यूल बदलावे लागतात. याउलट तो तपशील एकाच मॉड्यूलमध्ये दडवला, तर बदल तेथेच थांबतो. पार्नास यांनी या तत्त्वाला माहिती-गोपन म्हटले.

दोहोंतील ताण

पार्नास यांच्या मते कोणते निर्णय बदलण्याचा संभव आहे, हे आरंभीच ओळखावे. केंट बेक यांच्या एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंगमध्ये मात्र आज गरज नसलेल्या गोष्टींसाठी तजवीज करू नये, असा आग्रह असतो. हा विरोध खरा आहे, तो केवळ शब्दांचा नाही. व्यवहारात त्यावर रिफॅक्टरिंगचा मार्ग काढला जातो: प्रथम साधी रचना करायची आणि एखादा बदल अनेक ठिकाणी हात घालायला लावू लागला, की बाह्य वर्तन न बदलता मॉड्यूलच्या सीमा नव्याने आखायच्या. स्वयंचलित चाचण्या नसतील, तर हे काम धोक्याचे ठरते.

संघरचना

मेल्विन कॉनवे यांनी १९६८ मध्ये निदर्शनास आणल्याप्रमाणे प्रणालीची रचना ती घडवणाऱ्या संस्थेतील संपर्करचनेसारखी होते. त्यामुळे एका सुविधेसाठी तीन संघांचे मॉड्यूल बदलावे लागत असतील, तर कोणताही एक संघ ती आपल्या आवर्तनात स्वबळावर पूर्ण करू शकत नाही. मॉड्यूलचा अंतर्भाग त्याचा संघ केव्हाही बदलू शकतो. परंतु इतर संघ ज्यावर विसंबून आहेत तो इंटरफेस बदलायचा असल्यास जुना व नवा असे दोन्ही काही काळ चालू ठेवावे लागतात.