डॉक्टरेटनंतर युरोपांत

१९२४ सालीं ढाका विद्यापीठांतील सत्येंद्रनाथ बोस या तरुण अध्यापकानें बर्लिन येथें आइनस्टाइन यांस एक पत्र धाडिलें. ओळख ना देख. परंतु पत्रासोबत स्वतःचा निबंध जोडलेला होता. आइनस्टाइन यांनीं तो जर्मन भाषेंत उतरवून छापविला. त्यांचें उत्तराचें कार्ड दाखवितांच बोसबाबूंना विद्यापीठानें दोन वर्षांची रजा दिली आणि जर्मन वकिलातीनें शुल्क न घेतां प्रवेशाचा परवाना दिला. शंभर वर्षें लोटलीं. तरी युरोपांतील संशोधनाचें दार आजहि बहुधा अशाच पत्रानें उघडतें.

पीएच्. डी. झाल्यावर दुसऱ्या विद्यापीठांत कांहीं ठराविक काळ मोबदला घेऊन जें संशोधन करावयाचें, त्यास 'पोस्टडॉक्' म्हणतात. ही विद्यार्थिदशा नव्हे, आणि कायमची नोकरीहि नव्हे. तेथें जाण्याचे मार्ग मुख्यतः दोन. एखाद्या प्राध्यापकास संशोधनासाठीं अनुदान मिळतें, त्यांतून तो माणूस नेमतो व जाहिरात देतो. अशा जाहिराती विद्यापीठांच्या संकेतस्थळांवर आणि युरोपीय आयोगाच्या 'युरॅक्सेस' या संकेतस्थळावर विनामूल्य पाहावयास मिळतात.

दुसरा मार्ग स्वतः शिष्यवृत्ति मिळविण्याचा. जर्मनीचें हुम्बोल्ट प्रतिष्ठान ६ ते २४ महिन्यांची शिष्यवृत्ति देतें. तींत देशवार वा विषयवार वांटणी नाहीं. मात्र डॉक्टरेटला चार वर्षांहून अधिक काळ लोटलेला नसावा आणि तेथील यजमान प्राध्यापकाची संमति अगोदर हवी. युरोपीय संघाच्या मारी क्यूरी शिष्यवृत्तीची अट मोठी मौजेची आहे: अर्जाच्या मुदतीपूर्वींच्या ३६ महिन्यांत उमेदवार त्या देशांत १२ महिन्यांहून अधिक राहिलेला नसावा. म्हणजे नुकतीच जर्मनींत पीएच्. डी. केलेला त्या देशासाठीं बाद, आणि नांदेडहून प्रथमच निघालेला पात्र!

यजमान मिळवावयाचा तो पत्रानेंच. येथें पुष्कळ जण चुकतात. एकच मजकूर पन्नास प्राध्यापकांस धाडतात. तीं पत्रें नव्हेत, पत्रावळी होत, आणि त्यांची गतिहि तीच होते. प्राध्यापकाचा अलीकडील निबंध वाचावा, त्यांतील कोणता प्रश्न पुढें नेतां येईल तें चार ओळींत मांडावें, आपलें एखादें प्रकाशित काम जोडावें. आदरार्थी विशेषणांची रास नको. उत्तर न आल्यास पंधरा दिवसांनीं एकदां आठवण द्यावी. तीवरहि मौन राहिल्यास दुसरें दार ठोठवावें.

खरी अडचण काळाची आहे. महाराष्ट्रांत अनेक डॉक्टर तासिका तत्त्वावर शिकवीत राहतात आणि 'जरा स्थिरस्थावर झाल्यावर पाहूं' म्हणतात. स्थैर्य येत नाहीं. चार वर्षें मात्र निघून जातात. म्हणून प्रबंध सादर करण्यापूर्वींच पत्रव्यवहारास लागावें हें बरें.

तिकडेहि सुख निर्वेध नाहीं. जर्मनींतील २००७ च्या कायद्यानें डॉक्टरेटनंतर मुदतीच्या नेमणुकींस सामान्यतः सहा वर्षांची मर्यादा घातली. कायमच्या जागा थोड्या असल्यानें २०२१ सालीं तेथील तरुण संशोधकांनीं जाहीरपणें गाऱ्हाणें मांडलें. जाणाऱ्यानें आधींच विचारावें कीं मिळणार तें वेतन कीं शिष्यवृत्ति. कारण आजारपणाचा विमा व निवृत्तिवेतन यांची व्यवस्था त्यावर अवलंबून असते. काम संपल्यावर दुसरी जागा शोधण्यासाठीं किमान नऊ महिने राहूं देण्याची तरतूद युरोपीय संघाच्या २०१६ च्या निर्देशांत आहे. आयर्लंड व डेन्मार्क यांस मात्र ती बंधनकारक नाहीं.