होतकरू खेळाडूंचें भाकित

महाविद्यालयांतील बास्केटबॉलपटूंपैकीं पुढें कोण चमकेल, यावर अमेरिकेंतील रसिक हिरिरीनें वाद घालतात. धंदेवाईक संघ क्रमाक्रमानें तरुण निवडीत असल्यानें चुकलेला अंदाज पुढें कायमचा सलतो.

१९८४ सालीं दुसरी पाळी पोर्टलंडची होती. चपळ क्लाइड ड्रेक्सलर त्यांच्यापाशीं होताच. उणीव होती ती उंच गड्याची. म्हणून त्यांनीं केंटकीचा सॅम बोवी घेतला. पायाच्या दुखापतीनें त्याचे महाविद्यालयांतले दोन हंगाम आधींच वायां गेले होते. पुढेंही तिनें त्याची पाठ सोडली नाहीं. तिसऱ्या पाळीस शिकागोनें मायकेल जॉर्डन घेतला आणि त्यानें ६ अजिंक्यपदें मिळवून दिलीं.

संघाची आजची निकड म्हणजे खेळाडूची उद्यांची योग्यता नव्हे, हें अशा वादांत विसरूं नये.