मे महिन्याचं वीजबिल आधीच कसं काढावं

बेलापुरात कूलर सुरू झाले की पुढच्या बिलाला घरोघर एकच प्रश्न असतो: दर वाढले का? बहुतेक वेळा दर तेच असतात. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाने ठरवून दिल्यापेक्षा जास्त दर महावितरणला लावता येत नाही. मात्र आयोग मर्यादा घालतो ती दराला, बिलाला नव्हे. ब्रिटनमध्येही 2019 पासून ऑफजेम ही संस्था अशीच मर्यादा ठरवते आणि वर्षाच्या खर्चाचा एक आकडा जाहीर करते. तो सर्वसाधारण वापराच्या घराचा असतो, पण तिथेही पुष्कळ लोक त्यालाच बिलाची कमाल रक्कम समजतात.

आपलं बिल टप्प्यांनी चढतं. पहिली 100 युनिटं स्वस्त, 101 ते 300 महाग, त्यापुढे आणखी महाग. 2024-25 च्या दरांनी हिशेब करून दाखवतो. तुम्ही चालू दरपत्रकातले आकडे घाला, रीत तीच. तेव्हा वीज आकार आणि वहन आकार मिळून पहिल्या टप्प्यात युनिटला 5 रुपये 88 पैसे पडत होते, दुसऱ्यात 11 रुपये 46 पैसे. सिंगल फेजचा स्थिर आकार 128 रुपये आणि या सगळ्यावर 16 टक्के वीज शुल्क.

समजा, मार्चमध्ये तुमची 90 युनिटं झाली. 90 गुणिले 5.88 म्हणजे 529 रुपये 20 पैसे. त्यात 128 मिळवले, वर शुल्क लावलं की साधारण 762 रुपये. आता मे घ्या. 200 वॉटचा कूलर रोज दहा तास चालला तर दिवसाला 2 युनिटं, महिन्याला 60. एकूण 150. पहिल्या शंभराचे 588, पुढच्या पन्नासाचे 573, स्थिर आकार 128, मग शुल्क: 1,495 रुपये. वापर दीडपटीहून थोडा जास्त, बिल मात्र जवळजवळ दुप्पट! इंधन समायोजन आकार असेल तर तो शुल्क लावण्याआधी मिळवायचा.

म्हणून एकूण बिलाला युनिटांनी भागून काढलेला सरासरी दर फसवा असतो. बचत होते ती शेवटच्या युनिटांची, आणि शुल्कासकट ते एकेक युनिट 13 रुपये 29 पैशांना पडतं. कूलर रोज दोन तास कमी चालला तर महिन्याची 12 युनिटं, म्हणजे सुमारे 160 रुपये वाचतात.

अंदाज खरा ठरायचा तर मीटर स्वतः पाहायला हवा. रीडिंग घेऊन गेल्यावर पंधराव्या दिवशी मीटरवरचा केडब्ल्यूएच आकडा टिपा, बिलावरचं चालू रीडिंग त्यातून वजा करा आणि दुप्पट करा. रीडिंग उशिरा झालं तर जास्तीच्या दिवसांच्या प्रमाणात टप्पेही वाढवून मिळायला हवेत. हे बिलावर आवर्जून तपासा. घराला कुलूप होतं म्हणून सरासरीचं बिल आलं असेल, तर त्या महिन्यावरून कसलाच अंदाज बांधू नका.

गॅसचा हिशेब सोपा. टाकी लावली की कॅलेंडरवर तारीख लिहा; संपेल तेव्हा किंमत भागिले दिवस. उज्ज्वलाचं कनेक्शन असेल तर खात्यात येणारे 300 रुपये आधी वजा करा. घेताना टाकी वजन करूनच घ्या: टाकीवर छापलेलं रिकामं वजन अधिक 14.2 किलो भरलं पाहिजे.

मग इंडक्शन परवडतं का? शेगडीत गॅसची बरीच उष्णता वाया जाते, इंडक्शनमध्ये कमी. ते धरूनही एका टाकीचा स्वयंपाक इंडक्शनवर करायला सुमारे 140 युनिटं लागतात. पहिल्या टप्प्याच्या दराने ती साडेनऊशेला पडतात, दुसऱ्या टप्प्यात साडेअठराशेच्या वर. 8 एप्रिल 2025 च्या 50 रुपयांच्या वाढीनंतर विनाअनुदान टाकी दिल्लीत 853 रुपयांना होती. तेव्हा कूलरचे महिने संपेपर्यंत स्वयंपाक गॅसवरच ठेवा. थंडीत शंभराच्या आत युनिटं शिल्लक राहत असतील तर सकाळचा चहा, दूध इंडक्शनवर करायला हरकत नाही.